फ्लास्कमध्ये जोमात, प्लेटवर ढिम्म : यावलच्या मातीतल्या एका मिक्सोकोकसचं प्रकरण

जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातलं हे प्रकरण. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीचा प्रकल्प होता, विषय मातीतले मिक्सोबॅक्टेरिया. यावल तालुक्यातल्या केळीच्या बागेतून एक मिक्सोबॅक्टेरिया वेगळा काढायचा, त्याला उपाशी ठेवायचं आणि त्याच्या फ्रूटिंग बॉडी, म्हणजे पेशी एकत्र येऊन केलेले बीजाणूंचे ढीग, कशा घडत जातात ते तासातासाने नोंदवायचं, एवढंच उद्दिष्ट. जीवाणू मिळाला. वाढला. सुरुवातीच्या प्लेटांवर त्याने नारिंगी फ्रूटिंग बॉडीही करून दाखवल्या. मग प्रकल्पाचा मुख्य भाग सुरू झाला आणि नेमका तिथे त्याने हात वर केले. फ्लास्कमध्ये वाढ बघत राहावी अशी, आणि प्लेटवर नुसता पिवळट डाग. सबमिशनची तारीख डोक्यावर आलेली. तेव्हा विभागातले आम्ही दोघं-तिघं त्या मुलीची वही घेऊन बसलो. पुढे जे हाती लागलं ते मिक्सोबॅक्टेरियावर काम न करणाऱ्यांच्याही उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी या जीवाणूबद्दल थोडं, कारण पदवीच्या अभ्यासक्रमात तो एका परिच्छेदात उरकला जातो. मिक्सोबॅक्टेरिया हे मातीत राहणारे, सरपटणारे, दंडाकृती जीवाणू. इतर जीवाणूंना विरघळवून खातात. खायला आहे तोवर थवा पसरत जातो. खाणं संपलं की मात्र ते एकत्र येतात, ढीग करतात, आणि सुमारे एक लाख पेशी मिळून एक फ्रूटिंग बॉडी उभी राहते. तिच्या आत काही पेशी गोल, जाड कवचाचे बीजाणू होतात, काही बाहेर दंडाकृतीच राहतात, बऱ्याच फुटून जातात. या करामतीमुळे सुरुवातीला लोक यांना बुरशीच समजत. हे जीवाणू आहेत हे हार्वर्डच्या रोलंड थॅक्स्टर यांनी १८९२ मध्ये दाखवलं. आपल्याकडचं नाव घ्यायचं तर बी. एन. सिंग. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संस्थेत असताना त्यांनी माती आणि कंपोस्टमधल्या मिक्सोबॅक्टेरियावर काम केलं. त्यांचा १९४७ चा शोधनिबंध आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात जीवाणूंची भक्ष्य म्हणून गोल चकती मांडून मातीतले मिक्सोबॅक्टेरिया 'बोलावण्याची' पद्धत आहे. आपण आजही थोड्याफार फरकाने तेच करतो.

अभ्यास सर्वात जास्त झाला तो मिक्सोकोकस झँथसचा. त्याचा जीनोम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे ९१ लाख बेस जोड्यांचा, म्हणजे ई. कोलायच्या जवळजवळ दुप्पट. आमचा जीवाणू झँथसच आहे असा दावा मी करणार नाही. बीजाणू गोल, फ्रूटिंग बॉडी मऊ, बिनदेठाच्या, नारिंगी. एवढ्यावरून मिक्सोकोकस म्हणायला हरकत नाही. १६एस जनुकावरून (जीवाणू ओळखायला नेहमी वापरतात ते) या वंशातल्या प्रजाती नेहमी नीट सुटतातच असं नाही, त्यामुळे प्रजातीच्या जागी वहीत रेघ ओढून ठेवली होती, ते बरंच केलं.

माती आणि लेंड्या

बाग मुलीच्या मामांची. सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यातली खोल, काळी, चुनखडीचे खडे असलेली जमीन. सामू (पीएच) आठच्या आसपास. हा पट्टा मिक्सोबॅक्टेरियाला मानवणारा, कारण त्यांना आम्लधर्मी माती फारशी चालत नाही आणि उदासीन ते किंचित अल्कधर्मी माती आवडते. ठिबकच्या नळीपासून हातभर अंतरावरची, वरचा पालापाचोळा बाजूला सारून घेतलेली माती, कागदावर सावलीत वाळवलेली. "एवढ्याशा मातीत काय पाहून रायले तुम्ही?" असं मामांनी विचारलं, आणि भाचीने "मामा, जीवाणू जीवाणूला खातो ते पाहतेय" म्हटल्यावर त्यांनी बांधावर चरणाऱ्या शेळ्यांच्या लेंड्याही बांधून दिल्या, "याच्यातही पाहा मग." त्यांनी सहज दिल्या, पण शास्त्राला धरून होतं. तृणभक्षी प्राण्यांच्या लेंड्या हे मिक्सोबॅक्टेरिया मिळण्याचं जुनं, खात्रीचं ठिकाण. पाठ्यपुस्तकात सशाच्या असतात, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या गावी ससे होते.

वेगळं काढण्याची पद्धत नेहमीची. १.५ टक्के आगर (जेलीसारखं घट्ट माध्यम), त्यात ०.१ टक्का कॅल्शियम क्लोराइड, बुरशी आणि अमीबा दाबायला सायक्लोहेक्झिमाइड, बाकी अन्न काही नाही. त्यावर धुतलेल्या ई. कोलायची जाडसर फुली. फुलीच्या मध्यावर चिमूटभर माती. दुसऱ्या बाजूला लेंड्यांचा संच: ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या लेंड्या ओलसर मातीत अर्ध्या रुतवून ठेवायच्या आणि वाट बघायची. पहिल्या आठवड्यात बघण्यासारखं काही नसतं. मग ई. कोलायच्या रेघेचा मातीजवळचा भाग पारदर्शक व्हायला लागतो, त्याची कड पुढे सरकते, आणि मागे उरलेल्या रिकाम्या जागेत टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके उगवतात. मातीच्या प्लेटांवर उगवले. लेंड्यांवरही उगवले, पण तिथे माइट्सनी (कोळ्यांच्या जातीचे बारीक किडे) इतका धुडगूस घातला होता की एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर बुरशीचे बीजाणू वाहून नेण्याचं काम त्यांनी चोख केलं. ते सगळं ऑटोक्लेव्हमध्ये गेलं.

शुद्ध कल्चर मिळवणं हा या कामातला सर्वात कंटाळवाणा भाग. थव्यात इतर जीवाणू फुकटात प्रवास करतात, विशेषतः बॅसिलस. फ्रूटिंग बॉडी उचलून ५८ अंशांना काही मिनिटं तापवली की साध्या पेशी मरतात, पण बॅसिलसचे बीजाणू हसत बाहेर येतात. म्हणून थव्याच्या पुढच्या कडेचा बारीक तुकडा कापून नव्या प्लेटवर, त्याच्या कडेचा पुन्हा नव्या प्लेटवर, असं करत जावं लागतं. शुद्धता तपासायची एक सोपी युक्ती आहे: थोडं न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये टाकून शेकरवर ठेवा. रातोरात गढूळ झालं तर शुद्ध नाही, कारण मिक्सोबॅक्टेरिया इतक्या घाईचे नसतात. चांगल्या माध्यमात आणि ३२ अंशांनाही झँथसची एक पिढी व्हायला चार-पाच तास लागतात.

शुद्ध झाल्यावर मुलीने एक काम केलं, ज्यामुळे पुढे सगळं प्रकरण उलगडलं. सुरुवातीच्या प्लेटवरच्या फ्रूटिंग बॉडी निर्जंतुक फिल्टर पेपरच्या बारीक तुकड्यांवर उचलून, वाळवून, छोट्या कुपीत सिलिका जेलसोबत ठेवल्या. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, 'दिसायला छान होत्या म्हणून'. वाळलेले मिक्सोबीजाणू अशा अवस्थेत वर्षानुवर्षं टिकतात.

वहीतली चांगली बातमी

मग द्रव माध्यम. सीटीटी: १ टक्का कॅसिटोन म्हणजे केसीनचं एन्झाइमने पचवलेलं रूप, १० मिलिमोलर ट्रिस (सामू स्थिर ठेवणारा बफर), १ मिलिमोलर फॉस्फेट, ८ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, सामू ७.६. मॅग्नेशियमचा आकडा बघून नवखे दचकतात, पण या जीवाणूला ते लागतंच.

पहिले काही फ्लास्क दिसायला वाईट होते. जीवाणू गुठळ्या करत होता. तळाशी चिकट पिवळे गोळे, काचेच्या काठाला कडं, आणि वरचं माध्यम जवळजवळ स्वच्छ. ओडी, म्हणजे द्रवाचा गढूळपणा, घ्यायला जावं तर काटा स्थिर राहत नाही, पेशी मोजायला जावं तर काउंटिंग चेंबरमध्ये एकीकडे ढीग, एकीकडे मोकळं रान. वहीत त्या दिवसांच्या नोंदी वैतागलेल्या आहेत. नंतर हळूहळू सुधारणा. 'गुठळ्या कमी.' 'आज सस्पेन्शन बरंच एकसारखं.' आणि मग लाल शाईने अधोरेखित: 'ओडी स्थिर, गुठळ्या नाहीत, कल्चर अॅडॅप्ट झालं.' त्या पानावर मार्गदर्शकांची सहीसुद्धा आहे.

याच एकसारख्या कल्चरवर फ्रूटिंगचे प्रयोग लावले गेले. पद्धत पुस्तकी: वाढीच्या मधल्या टप्प्यावरच्या पेशी, म्हणजे दर मिलिलिटरला सुमारे ४ ते ५ × १०^८, सेंट्रिफ्यूज करायच्या, दहापट घट्ट करायच्या, आणि टीपीएम आगरवर १०-२० मायक्रोलिटरचे थेंब द्यायचे. टीपीएम म्हणजे तेच ट्रिस, तेच फॉस्फेट, तेच मॅग्नेशियम, फक्त कॅसिटोन नाही. अन्न काढून घेतलेलं माध्यम. प्रयोगशाळेतल्या झँथसला असं ठेवलं की १२ तासांच्या आसपास पेशी गोळा होताना दिसतात, २४ तासांत गोल, गडद ढीग, आणि ७२ तासांपर्यंत आत बीजाणू. इथे २४ तासांनी काही नाही. ४८ ला काही नाही. पाच दिवसांनी थेंबाच्या मध्यभागी काही अस्पष्ट, फिक्या लाटा, त्याही ४एक्सच्या ऑब्जेक्टिव्हखाली प्लेट उलटी धरून पाहिल्या तर.

संशयितांची रांग

पहिला संशय उन्हाळ्यावर, आणि खानदेशात तो घ्यावाच लागतो. मार्च उलटला की इथे दुपारी खोलीचंच तापमान चाळिशीला टेकतं. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करू शकत नाही. त्यावर ३२ लावलं तरी खोलीत ३९ असेल तर आतही ३९ च्या खाली काही येत नाही. डायलवरचा आकडा बघून समाधान मानणारे खूप आहेत. मिक्सोकोकसला ३० ते ३२ मानवतं, ३६ च्या पुढे फ्रूटिंगचा भरवसा धरू नये. आत साधा थर्मामीटर ठेवला आणि दुपारी तीनला बघितलं. शंका रास्त होती. प्लेटा थंडही करू शकणाऱ्या बीओडी इनक्युबेटरमध्ये हलवल्या. त्यात दुसऱ्या कुणाच्या पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या होत्या, त्यावरून थोडी वादावादी झाली, ती इथे नको.

तापमान सुधारलं, आणि फरक पडला नाही असं नाही: लाटा जरा ठळक झाल्या. ढीग मात्र नाहीत.

दुसरा संशय धुण्यावर. कॅसिटोन माध्यमात १ टक्का असतो. फ्रूटिंगसाठीच वापरल्या जाणाऱ्या सीएफ आगरमध्ये तो असतो ०.०१५ टक्के, म्हणजे सुमारे ६७ पट कमी. पेलेटवरचं (सेंट्रिफ्यूजने तळाशी बसलेल्या पेशींवरचं) माध्यम नुसतं ओतून टाकलं आणि वर तसाच बफर घातला तर नळीच्या कडेला राहिलेलं अन्नही पेशींना 'अजून आहे बरं का' असं सांगायला पुरतं. या जीवाणूत उपासमारीची वर्दी अमिनो आम्लं संपल्यावर रायबोसोमपाशी लागते. तिथून पीपीजीपीपी नावाचा रेणू वाढतो आणि पुढची साखळी सुटते. अमिनो आम्लं उरली तर वर्दीच लागत नाही. पेशी टीपीएम बफरने नीट धुऊन पुन्हा लावल्या. परिणाम तोच.

तिसरा ओलावा. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी की प्लेट दोन दिवसांत कडेने आकसते. थेंब पडल्यावर तो काही मिनिटांत आगरमध्ये मुरायला हवा, नाहीतर पेशी तरंगत राहतात. पण मुरल्यावर पृष्ठभाग वाळूनही चालत नाही, कारण या पेशी पातळ ओल्या थरावरच सरपटतात. त्यामुळे ओतलेल्या प्लेटा मोजका वेळ उघड्या वाळवून, थेंब मुरल्यावर झाकण असलेल्या स्टीलच्या डब्यात ओल्या कापसासोबत ठेवल्या. डबा डिपार्टमेंटमधल्या शिपाईमावशींचा. हे सगळं करून प्लेटा दिसायला सुरेख राहिल्या आणि रिकाम्या राहिल्या.

पाणी, आगरची नवी बाटली, काचसामानावर राहिलेला साबण, सामू, घनता हे सगळं एकेक करून बघितलं. घनता महत्त्वाची, कारण या पेशी एकमेकींना रासायनिक संकेत देतात आणि विरळ गर्दीत तो संकेत पुरत नाही. पण इथे पेशी भरपूर होत्या. या सगळ्या तपासण्यांना वेळ गेला, आणि माझ्या मते बराचसा वाया गेला. कारण प्रत्येक वेळी आपण माध्यमाला आणि खोलीला दोष देत होतो, आणि प्रयोगात एक गोष्ट बदलली होती तिच्याकडे कुणी बघत नव्हतं: जीवाणू.

कुपीतला कागद

इथे तो फिल्टर पेपर कामाला आला. सिलिका जेलच्या कुपीतला एक तुकडा प्लेटवर ठेवला, ई. कोलाय दिला, थवा बाहेर आल्यावर त्याला सीटीटीत घेतलं. आणि मग एकाच दिवशी, एकाच आगरवर, एकाच प्लेटच्या दोन बाजूंना दोन थेंब: डावीकडे कागदावरून उठवलेला जुना जीवाणू, उजवीकडे फ्लास्कमधला 'अॅडॅप्ट झालेला'. जुन्याला फ्लास्कमध्ये एकसारखं करायच्या भानगडीत पडलो नाही. गुठळ्या पिपेटने वरखाली करून जमेल तितक्या फोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उलटी धरून बघायला सूक्ष्मदर्शकाचीही गरज नव्हती. डावीकडच्या थेंबावर दाट गडद ठिपके, खिडकीसमोर धरले तर डोळ्यांना दिसतील असे. उजवीकडे गुळगुळीत पिवळा डाग. तेच आगर, तेच पाणी, तोच डबा, तेच तापमान.

म्हणजे खोली निर्दोष. फ्लास्कमध्ये जीवाणूच बदलला होता, आणि तो कसा बदलला याचं उत्तर वहीतच होतं. प्रत्येक सबकल्चरच्या, म्हणजे थोडं कल्चर नव्या माध्यमात नेण्याच्या, वेळी मुलीने काय केलं? फ्लास्क क्षणभर ठेवला, गुठळ्या तळाला बसू दिल्या, वरच्या गढूळ पाण्यातून पिपेट भरलं आणि नव्या फ्लास्कमध्ये घातलं. कुणीही तेच करेल. गुठळी पिपेटच्या टोकात अडकते. पण गुठळी करणाऱ्या पेशी तळाशी राहत होत्या आणि सुट्या राहणाऱ्या पुढे जात होत्या. दर वेळी. पुन्हा पुन्हा. सुट्या राहणाऱ्या म्हणजे कोण? ज्यांच्या अंगावरचा चिकट थर कमी झाला, किंवा ज्यांच्या पिली (पेशीवरचे केसासारखे धागे) बिघडल्या. आणि फ्रूटिंगसाठी लागतात नेमक्या त्याच दोन गोष्टी. आपण गाळणी लावून हव्या त्या पेशी टाकत आणि नको त्या राखत होतो, आणि वहीत त्याला 'सुधारणा' म्हणत होतो.

मी हे नव्याने सांगतोय अशातला भाग नाही. व्हेलिसर, क्रूस आणि लेन्स्की यांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की झँथसला हलत्या द्रव माध्यमात हजार पिढ्या वाढवलं की त्यांच्या सामूहिक वागण्याचा मोठा भाग झडून जातो: थवा करून सरकणं, फ्रूटिंग, बीजाणू. भरपूर अन्न आणि सतत हलवणं असेल तर एकत्र राहण्याचा काही फायदा नसतो. उलट खर्च असतो. तिथे पिपेटने निवडलेलं नव्हतं, नुसतं वातावरण पुरलं. आपल्याकडे वातावरणाला पिपेटची जोड मिळाली, म्हणून हजार पिढ्यांची वाट पाहावी लागली नाही. पण एक भेद लक्षात ठेवायला हवा. सुटं वाढणं म्हणजे बिघाडच, असं नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा झँथसचा डीके१६२२ हा प्रकार द्रव माध्यमात बऱ्यापैकी सुटा वाढतो आणि तरी फ्रूटिंग करतो. तो तसा जपलेला आहे: अधूनमधून फ्रूटिंग तपासून, आणि गोठवलेल्या जुन्या साठ्याकडे परत जाऊन.

तीन स्वस्त चाचण्या

अंदाज तपासायला जनुकीय काम आमच्या आवाक्यात नव्हतं. साध्या गोष्टी होत्या.

सर्वात आवडली ती क्युव्हेटची, म्हणजे ओडी मोजायच्या छोट्या पारदर्शक नळीची. पेशी मॅग्नेशियम असलेल्या बफरमध्ये घ्यायच्या, जोरात हलवायच्या, स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवायच्या आणि हात न लावता दर दहा मिनिटांनी ओडी लिहायची. जुना जीवाणू एकमेकांना चिकटत जातो, गुठळ्या तळाला बसतात, आकडा घसरत जातो. तासाभरात क्युव्हेटच्या तळाशी पिवळा थर आणि वर स्वच्छ द्रव. फ्लास्कवाल्याचा आकडा जागचा हलत नव्हता. त्याची क्युव्हेट उजेडासमोर धरून मुलगी म्हणाली, "मॅडम, हा तर दूध ठेवल्यासारखा बसलाय." मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी वहीतलं लाल शाईचं पान उघडून पेन्सिलने कडेला तारीख घातली.

दुसरी कॉन्गो रेडची. थोडा रंग घातलेल्या आगरवर जुन्या जीवाणूची वसाहत विटकरी लाल झाली, कारण अंगावरचा पॉलिसॅकराइडचा थर रंग धरतो; नव्याची, म्हणजे फ्लास्कवाल्याची, फिकट राहिली. तिसरी मऊ आणि कडक आगरची. मिक्सोकोकसला सरकायच्या दोन पद्धती असतात, एकट्याने आणि गटाने. ०.३ टक्के मऊ आगरवर गटाने सरकणं जोरात चालतं, १.५ टक्के कडक आगरवर एकट्याने. कडक आगरवर दोघांचं वर्तुळ जवळपास सारखं पसरलं. मऊ आगरवर जुना झालरीसारखा लांब गेला, नवा जागीच बसला. म्हणजे एकट्याची चाल शाबूत, गटाची गेलेली. पिली किंवा थर, यातलं नेमकं काय बिघडलं ते या चाचण्या सांगत नाहीत. दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

मिश्र थेंब

इथे थांबता आलं असतं. पण मुलीला एक प्रश्न पडला आणि तो चांगला होता: जुन्यांच्या गर्दीत नवे मिसळले तर नवेही बीजाणू होतील का? हा प्रश्न जुना आहे. १९७८ मध्ये हेगन, ब्रेचर आणि कैसर यांनी दाखवलं की फ्रूटिंग न करणारे काही उत्परिवर्ती शेजाऱ्यांकडून संकेत मिळाला की बीजाणू करतात. आणि व्हेलिसर यांच्याच गटाने २०००मध्ये असे प्रकार दाखवले, जे एकटे असताना बीजाणू जेमतेम करतात, पण मिश्रणात आपल्या वाट्यापेक्षा जास्त उचलतात. थोडक्यात, फुकटे.

अडचण ही की बीजाणू मोजताना कुणाचा कोणता ते कळायला खूण हवी. त्यासाठी नव्या जीवाणूच्या दाट पेशी रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर पसरून, आपोआप प्रतिरोधक झालेल्या वसाहती उचलल्या. इथे सावध राहावं लागतं. रिफाम्पिसिनचा प्रतिरोध आरएनए पॉलिमरेजमधल्या बदलाने येतो, आणि तो बदल स्वतःच वाढीवर किंवा फ्रूटिंगवर परिणाम करू शकतो. म्हणून जुन्या जीवाणूचाही रिफ-प्रतिरोधक प्रकार काढून तो एकटा फ्रूटिंग करतो का ते आधी बघितलं. पहिल्या निवडलेल्या वसाहतीने ढीग उशिरा केले, ती टाकून दुसरी घेतली. ही पायरी गाळून थेट मिश्रणावर जाणारे प्रबंध मी वाचलेत; त्यांतल्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही.

मिश्र थेंब पाच दिवस ठेवले. मग खरवडून बफरमध्ये, काचेच्या बारीक मण्यांसोबत बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी पेशी फोडणारं यंत्र), म्हणजे दंडाकृती पेशी फुटतात आणि बीजाणू टिकतात. नंतर ५० अंशांना दोन तास. उरलेले साध्या आणि रिफाम्पिसिनच्या सीटीटी प्लेटवर. वसाहती यायला जवळजवळ आठवडा लागतो आणि तोवर प्लेटा वाळू न देणं हे एप्रिलच्या अखेरीस एक स्वतंत्र काम आहे.

निम्मे-निम्मे मिसळलेल्या थेंबांवर ढीग झाले, जुन्यांपेक्षा थोडे विरळ, कडा ढिल्या. बीजाणूंत नव्या जीवाणूचा वाटा निम्म्याच्या खूप खाली. शून्य नाही, पण नाममात्र. म्हणजे तो फुकट्या नव्हता. शेजाऱ्यांच्या जोरावर काही पेशी आत ओढल्या गेल्या इतकंच. ज्याला चिकटताच येत नाही त्याला ढिगात जागा मिळणं कठीण, हे क्युव्हेटशी जुळतं.

प्रबंधात काय गेलं, बाटलीत काय ठेवलं

तासातासाच्या नोंदी शेवटी कागदावरून उठवलेल्या जीवाणूवर झाल्या. मार्गदर्शकांनी आधी म्हटलं होतं की बिघडलेल्या कल्चरचा भाग परिशिष्टात ढकलावा. मला ते पटलं नाही. खरं तर त्या प्रबंधात वाचण्यासारखं तेच प्रकरण आहे. शेवटी ते चौथं प्रकरण म्हणून गेलं.

विभागात आता काही गोष्टी बदलल्या आहेत. मातीतून आलेला कुठलाही जीवाणू शुद्ध झाला की त्याच आठवड्यात गोठवायचा. मिक्सोबॅक्टेरियासाठी गोठवताना पेशी वाचवायला ४ टक्के डीएमएसओ चांगलं; ग्लिसरॉलही चालतं, मात्र मिक्सोकोकसच्या वाढत्या द्रव कल्चरमध्ये ०.५ मोलर ग्लिसरॉल घातलं तर उपासमारीशिवायच पेशी बीजाणू होऊ लागतात, हे १९६४ पासून माहीत आहे, तेव्हा ग्लिसरॉल घालून बाटली बाकावर रेंगाळत ठेवायची नाही. उणे ८० चा फ्रीझर आमच्याकडे नाही, आणि उणे २० च्या फ्रीझरवर लोडशेडिंगच्या काळात किती विसंबायचं हा प्रश्न आहेच. म्हणून वाळलेल्या फ्रूटिंग बॉडीचे कागद प्रत्येक कल्चरसोबत ठेवायचे. सिलिका जेलची निळी खडी गुलाबी झाली की बदलायची, एवढीच त्याची देखभाल. कामासाठी फ्लास्क लावायचा तो साठ्यातून, मागच्या फ्लास्कमधून नाही. वहीत ओडीच्या शेजारी एक नवा रकाना: 'टीपीएमवर ढीग झाले का'.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. बिघाड नेमका कोणत्या सबकल्चरला झाला ते सांगता येत नाही, कारण मधल्या टप्प्यांचं काहीच गोठवलेलं नव्हतं. आणि पिपेटचा दोष किती, नुसत्या हलत्या ब्रॉथचा किती, हेही एका वाटेवरून ठरत नाही. म्हणून पुढच्या तुकडीतल्या एका मुलाने तोच कागद उठवून दोन रांगा लावल्या आहेत: एका रांगेत दर वेळी वरच्या गढूळ द्रवातून घ्यायचं, दुसऱ्या रांगेत तळाच्या गुठळ्या रुंद तोंडाच्या टिपने उचलून, फोडून पुढे न्यायच्या. प्रत्येक रांगेत वेगवेगळे फ्लास्क, आणि प्रत्येक टप्प्याचा साठा. गढूळ रांगेतल्या काही फ्लास्कचे ढीग आताच उशिरा यायला लागले आहेत, काहींचे अजून वेळेवर येतात. गुठळ्यांच्या रांगेतले सगळे ठीक आहेत, फक्त त्यांची ओडी कुणालाच नीट घेता येत नाही, त्यामुळे प्रथिनांचं वजन काढून घनता ठरवायची पद्धत बसवणं चालू आहे.